मुखरूभाऊंचा दुसरा जोड

फोनवरून रोग सांगणाऱ्या लोकांचा धनराज मडावीला भारी वैताग होता. मशीन बंद पडली की माणसं आधी तिला दोन थापडा मारतात, मग प्लग काढून पुन्हा लावतात, मग नागपूरच्या जावयाला विचारतात, आणि सगळं करून थकली की धनराजला फोन लावून म्हणतात, "भाऊ, आपोआपच बिघडली पाहा." मूल गावात राइस मिलच्या वळणावर त्याचं दुकान होतं. फ्रिज, कूलर, मिक्सर, आणि अलीकडं या पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीन. आयटीआय केल्यापासून आजवर आपोआप बिघडलेली एकही मशीन त्यानं पाहिली नव्हती, आणि हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय राहायचा नाही.

त्या दिवशी सकाळी तो दुकानाचं शटर वर करत होता तोच फोन वाजला. सावली गावाच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या हरणटोल्याहून ज्योत्स्ना नावाची पोरगी बोलत होती.

"भाऊ, मशीन कपडे धुते, पन पिळत नाई. पिळाच्या वक्ती थांबते."

"नवी हाय का जुनी?"

"नवीच. दिवाळीले दादानं आनली नागपूरहून."

"मंग मागचे लंबे बोल्ट काढले नसन. गाडीत ड्रम हालू नाई म्हनून लावून देतात ते. लोक तसेच ठेवतात, अन् मंग मशीन घरभर नाचते."

"काढले, भाऊ. दादानं काढले. फिल्टरबी साफ केला."

"ठासून भरले असन कपडे."

"एकच जोड हाय." मग ती म्हणाली, "आजच या ना, भाऊ. दुपारपर्यंत वाळाले पायजेत. बाबाचे कपडे हायत."

"तं आजच्या दिवस बाबाले दुसरे घाला म्हना," धनराज हसत म्हणाला.

पलीकडं बादली सरकवल्याचा आवाज आला.

"बाबा नाईत," ती म्हणाली.

धनराजनं जीभ चावली. अर्ध्यावर आलेलं शटर त्यानं पुन्हा खाली ओढलं, अवजारांची पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि निघाला.

कार्तिकातले दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून आडवं टाकलेलं, बांधाबांधावर बाया भारे बांधत होत्या. सावली मागं पडली तशी शेतं विरळ झाली आणि साग सुरू झाला. वनखात्याचा पिवळा फलक आला, वाघाचा वावर आहे, एकट्यानं जाऊ नये म्हणून सांगणारा. तो फलक वाचणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो, हे खात्याला कधी सुचलं नसावं. धनराजनं हॉर्नवर अंगठा ठेवला आणि गाडी जरा दामटली.

ज्योत्स्नाच्या बाबांचं, मुखरूभाऊंचं घर गावाच्या शेवटच्या टोकाला होतं. कौलारू घर, पुढं शेणानं सारवलेली ओसरी, तिच्यापुढं आंगण. आंगणात एक म्हातारा आणि एक तरणा गडी पळसाच्या पानांचा ढीग घेऊन बसले होते. धनराजला बरं वाटलं. काही का असेना, घरात माणसं कामात होती.

"पत्रावळी लावून राह्यले का, भाऊ? जेवन हाय वाटते."

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याचं नाव पत्रू. नात्यानं मुखरूभाऊंचा चुलतभाऊ, आणि गावात कुणाची चिता असली की ती रचायचं काम त्याच्याकडं. "पत्रावळी नाई, भाऊ," तो म्हणाला आणि सुतळीची गाठ दातांनी आवळली. मग धनराजला दिसलं. पानं बांबूच्या कामट्यांवर बांधली होती आणि त्यांना पायांचा आकार आला होता. बाजूला एक सोललेला नारळ ठेवला होता.

तरणा गडी म्हणजे ज्योत्स्नाचा भाऊ रोशन, नागपूरहून मशीन आणणारा दादा. त्यानं धनराजकडं पाहिलं आणि पुन्हा पानं जुळवायला लागला.

मशीन ओसरीवर होती. तिच्यावर दिवाळीचं कुंकू अजून होतं, आणि आंब्याची वाळलेली डहाळी मागच्या पाइपला तशीच बांधलेली. आटलेल्या गाईजवळ घरची बाई बसते तशी ज्योत्स्नाची आई कमळाबाई मशीनजवळ बसली होती. साठीच्या आसपासची, काटक, डोळे कोरडे. तिनं धनराजला पाणी दिलं आणि सरकून जागा केली.

धनराजला खाली वाकायचीही गरज पडली नाही. मशीनच्या एका पायाखाली कौलाचा तुकडा होता.

"हे पाहा दुखनं," तो म्हणाला. "सारवलेल्या जमिनीत पाय रुततो. मंग मशीन तिरपी होते, ड्रम घासते, ती घाबरून थांबते. आपोआप काई होत नाई."

त्यानं रोशनला हाक मारली. दोघांनी मिळून गोठ्याजवळची एक सपाट फरशी आणली, मशीन तिच्यावर चढवली. धनराजनं चारही पाय फिरवून पातळी जुळवली, बुडबुड्याची नळी आडवी-उभी लावून पाहिली. हे चाललेलं असताना ज्योत्स्नानं हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं.

मुखरूभाऊ चैतात मोह वेचायला जंगलात गेले होते. पहाटे सगळं गाव जातं तसेच. गाव परतलं, ते परतले नाहीत. झाडाखाली अर्धी भरलेली टोपली मिळाली. वनखात्याच्या लोकांनी शोधलं, गावानं शोधलं. रक्त नाही, फाटका कपडा नाही, चप्पलसुद्धा नाही. वाघानं नेलं म्हणावं तर खूण नाही, आणि कुठं निघून गेले म्हणावं तर तसा जाणारा माणूस नव्हता. देह नाही म्हणून अग्नी नाही, अग्नी नाही म्हणून सुतक फिटलेलं नाही. ज्योत्स्नाचं लग्न जमलेलं होतं, ते तसंच लटकून होतं. अशा वेळी करायची एक रीत आहे. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला हरवलेल्याचे अंगावरचे कपडे घालायचे आणि रीतसर जाळायचा. पत्रूकाकांनी आजचा दिवस धरला होता.

धनराजच्या जातीत माणसाला पुरतात. पानांच्या माणसाचं त्यानं ऐकलं होतं, पाहिलं आज पहिल्यांदा. त्याला त्या पोरीची दया आली. सकाळच्या चेष्टेबद्दल काहीतरी बोलावं असं वाटलं, पण शब्द जमेनात, म्हणून त्यानं स्क्रू आणखी थोडा आवळला.

"बाबाचे दोनच जोड होते," ज्योत्स्ना म्हणाली. "एक आंगावर गेला. हा दोरीवर वाळत होता. आई दर सोमवारी धुते. घरी आले तं धुतलेले असावे म्हनून. आधी नाल्यावर जाये. वाघाची भीती, म्हनून दादानं मशीन आनली."

धनराजनं पेलाभर पाणी मागवलं. काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला मशीनवर ठेवायचा आणि रिकामा ड्रम जोरात फिरवायचा, ही त्याची परीक्षा. ड्रम घुमला, आवाज चढत गेला, पेल्यातल्या पाण्याला सुरकुती पडली, पण थेंब सांडला नाही. मग त्यानं घरातल्या चादरी, टॉवेल, रोशनची पँट असा ढीग टाकला. तोही पिळून निघाला. धनराजची छाती फुगली.

"झालं, बाई. आता हिच्याकडं पाहाची गरज नाई."

कमळाबाईनं बाजूची बादली पुढं सरकवली. "आता हे टाका."

बादलीत सदरा, धोतर आणि खांद्यावरचा शेला होता. धनराजनं एका हातानं उचलायला घेतले, ते उचलेनात. त्यानं दुसरा हात लावला.

"पिळले नाई का?"

"मी पिळले," कमळाबाई म्हणाली. "पोरीनं पिळले. रोशननं खांबाले गुंडाळून पिळले. पानी निंघते, निंघते, अन् कपडे तितलेच वल्ले. आजच्या दिवसाचं ठरलं ना, भाऊ, तवापासून हे वाळूनच नाई राह्यले. उन्हात टाकतो, सांजेले काढतो तं पानी गळते."

"कार्तिकातलं ऊन हाय, बाई. त्याच्यात जीव नसते." असं म्हणून त्यानं सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या, गुंड्या सोडल्या आणि तिन्ही कपडे ड्रममध्ये नीट पसरून ठेवले.

पुढच्या दाराच्या मशीनला एक अक्कल असते. जोरात फिरण्याआधी ती कपडे हळूहळू उलटेपालटे करते, ड्रमभर सारखे पसरवते आणि भार तोलून पाहते. एकाच बाजूला भार असेल तर जोर धरत नाही, पुन्हा पसरवायला लागते. मशीननं तसं केलं. एकदा केलं, दोनदा केलं. जरा वेग घेतला, फरशीसकट हादरली, पेला घरंगळून खाली पडला आणि मशीन थांबून टींटीं करायला लागली.

"एकटं धोतर गोळा होते," धनराज म्हणाला. "जोडीले चादरी टाकाच्या, भार सारखा होते. हे नेहमीचंच हाय."

त्यानं दोन चादरी टाकल्या आणि दाराच्या काचेसमोर उकिडवा बसला. ड्रम हळू फिरत होता. चादरी वर जात होत्या, पडत होत्या, पसरत होत्या. मुखरूभाऊंचा जोड मात्र खालीच होता. ड्रम इकडून फिरो की तिकडून, तो वर चढत नव्हता. थोडा सरकायचा आणि धप्पकन तळाशी यायचा. ओल्या कपड्याचा फटकारा वेगळा असतो, तो धनराजच्या कानात रोजचा होता. हा तो नव्हता. कपडे सुटे होत नव्हते, एकमेकांत गुंतत नव्हते. पोटाशी पाय घेऊन निजलेल्या माणसासारखे ते एका कुशीवर पडून होते.

मशीन पुन्हा थांबली.

धनराजनं कपाळ पुसलं. खालचा फिल्टर उघडून पाहावा म्हणून त्यानं ताट लावलं आणि झाकण फिरवलं. पाणी आलं ते चहाच्या रंगाचं. त्याच्यामागून फुलं आली. मोहाची. एक नाही, दोन नाही, ओंजळ भरेल एवढी. गरगरीत, पिवळट पांढरी, बोटांत दाबली की रस सुटणारी. ओसरीभर तो गोड, जड वास भरला.

आंगणातलं सुतळीचं काम थांबलं.

"खिशात वाळला मोह राह्यला असन," धनराज म्हणाला. "भिजला की फुगते."

वाळलेला मोह भिजला तरी तांबडाच राहतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी आईबरोबर त्यानं तो खंडीनं वेचला होता. तरी तो बोलला, कारण समोर बसलेल्या दोन बायांना काहीतरी सांगणं भाग होतं.

"भाऊ, या सदऱ्याले खिसाच नाई," ज्योत्स्ना म्हणाली.

धनराजनं मशीनचा प्लग काढला. दार उघडलं, चादरी बाहेर घेतल्या आणि आत फक्त तो जोड ठेवून ड्रम हातानं फिरवून पाहिला. अर्ध्यापर्यंत आला आणि हातातून सुटून मागं गेला. मग त्यानं दोन्ही हात लावले, खांदा टेकवला. ड्रम वर आला, क्षणभर थांबला, आणि आतला भार त्याच्या हातांवर अंग टाकल्यासारखा कलला. धनराज झटकन मागं सरला. मनातल्या मनात तो बेल्ट, शॉकर, बेअरिंग अशी नावं घेत होता. लोक देवाची घेतात तशी.

"भाऊ," कमळाबाई म्हणाली, "मायं मन राखू नोका. मशीन बिघडली हाय का?"

त्याला हो म्हणता आलं असतं. कंपनीचा माणूस बोलवा म्हणायचं, पिशवी उचलायची आणि दिवस मावळायच्या आत मूल गाठायचं. त्यानं त्या बाईकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण मशीनची नव्हती.

"नाई, बाई," तो म्हणाला. "मशीन चांगली हाय. आत भार हाय. कपड्याचा नसते येवढा."

ज्योत्स्नानं तोंडावर हात ठेवला. कमळाबाईनं मान हलवली.

"मले एवढंच मालूम करायचं हाय," ती म्हणाली. "जित्या मानसाले तं नाई ना जाळून राह्यलो आमी? गाव म्हनते, गेले. पोरगा म्हनते, गेले. पोरीचं लगन हाय, मीबी हो म्हनली. पन कोनं पाह्यलं? कुठी पडून असन, कोनाच्या दारी बसून असन, अन् मी इथी त्याइच्या कपड्याले आग लावतो. ते पाप कुठी फेडू? म्हनून वाळत नसन का हे? त्याइले जायाचं नसन का?" मशीनकडं पाहून ती म्हणाली, "का मंग येयाचं हाय?"

पत्रू ओसरीच्या पायरीपर्यंत आला होता. सूर्य बराच वर चढला होता, आणि ओल्या कपड्यात पानं पेटत नाहीत, नुसती धुमसतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी त्यानं घाई केली नाही.

कमळाबाई मशीनपुढं गुडघे टेकून बसली. तिनं दारातून हात आत घातला आणि सदऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

"अवो," ती म्हणाली. रोज चुलीपाशी बोलावं तसा आवाज होता. "धान कापाले आलं. रोशन आला हाय. पोरीचं लगन तुमीच जमवलं, आता तुमच्याच पायी अडलं. मी काई तुमाले हाकलून नाई राह्यली. येयाचं असन तं या. नसन येयाचं, कुठी चांगले असान, तं कपडे सोडा, मी हे सारं आताच थांबवतो. पन असे वल्ल्यात नोका बसू. सर्दी होते तुमाले."

धनराजनं मान खाली घातली.

तिनं हात काढून दार लावलं. "आता लावा, भाऊ."

त्यानं प्लग जोडला. फक्त पिळणं निवडलं आणि बटण दाबलं.

ड्रम हळू फिरला. थांबला. उलटा फिरला.

मग काचेआड जोड वर चढला.

धोतर एका बाजूला गेलं, शेला दुसऱ्या, सदरा पसरून ड्रमला चिकटला. आवाज चढत गेला. फरशी हलली नाही. पाइपमधून पाणी धो धो मोरीत पडत राहिलं, तीन कपड्यांत मावणार नाही एवढं. मग धार बारीक झाली. मग थांबली. मशीन एका संथ सुरात घुमत राहिली आणि शेवटी थांबून दाराची कडी टक्कन सुटली.

धनराजनं दार उघडलं.

पिळलेले कपडे दमट असतात. वर दोरीवर टाकावेच लागतात. हे कोरडे होते.

आणि गरम होते. त्यानं पाणी तापवायचं काहीच लावलं नव्हतं. ती मशीनची ऊब नव्हतीच. काखेत जास्त होती, गळ्याशी जास्त होती.

त्यानं सदरा बाहेर काढला. बाह्या त्यानं स्वतःच्या हातानं सरळ केल्या होत्या. आता त्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. नीट, घडीवर घडी, डावी उजवीपेक्षा जरा वर.

"बाबा असेच करत," रोशन म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

ज्योत्स्नानं बाही उलगडायला हात पुढं केला. कमळाबाईनं तो धरला. "राहू दे. तसेच घाला."

पत्रूनं कपडे घेतले. आंगणात पानांच्या माणसाला धोतर नेसवलं, सदरा चढवला, मानेवर नारळ बसवला, खांद्यावर शेला टाकला. धनराज पिशवी बांधत होता तेव्हा कमळाबाई त्याच्यापाशी आली.

"भाऊ, एक काम करा. त्याइच्या संगं नाल्यावर जा. बायाइले तिथी येता येत नाई. घरचे मले खरं सांगनार नाईत, रडन म्हनून. तुमी मशीनीचं खरं सांगतलं. तिथी जे दिसन, जे आयकू येईन, ते मले येऊन सांगा. मले कळालं पायजे."

नाही म्हणायची शंभर कारणं होती. दुकान बंद होतं, रस्ता जंगलाचा होता, जात वेगळी होती. धनराज म्हणाला, "सांगतो, बाई."

तिरडी चौघांनी उचलली. उचलताना चौघांनाही दुसरा हात लावावा लागला. नाला दूर नव्हता, तरी पहिल्या वळणाला खांदे बदलले, मग लगेच पुढच्या बांधाला. धानाच्या बांधावरून जाताना पुढच्या गड्याचे पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतत होते. कुणीतरी धनराजकडं पाहिलं आणि त्यानं खांदा दिला.

बांबू हाडावर बसला. धनराजनं दात आवळले.

पानांचं ओझं असं नसतं.

रोशन पुढं मडकं घेऊन चालला होता, त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

नाल्याच्या काठी पत्रूनं चिता रचली होती. पानांसाठी रचली होती, म्हणून लाकूड थोडंच होतं. रोशननं अग्नी दिला. कपडे पेटले, पानं तडतडली आणि बघता बघता काळी होऊन उडाली. कवटी फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय चितेजवळून उठायचं नाही, ही इकडची रीत. पानांच्या माणसाला कवटी म्हणून नारळच असतो, तो फुटला की झालं. सगळे वाट पाहत काठावर बसले. थोड्या वेळानं नारळ फुटला. खणखणीत, मोकळा आवाज झाला. माणसं धोतर झटकत उठली, आंघोळीसाठी पाण्याकडं निघाली.

पत्रू उठला नाही.

"बसा," तो म्हणाला.

"काका, नारळ फुटला ना," रोशन म्हणाला. "पानं बी गेली."

पत्रू आगीकडं बघत होता. पानं गेली होती, सरपण संपत आलं होतं, आणि आग तेवढीच होती. तिचा तडतडाट थांबला होता. आता ती संथ, जड जळत होती, आणि तो वास पानांचा नव्हता. धनराजनं आपल्या दुकानात शंभर तऱ्हेचं जळणं हुंगलं होतं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं.

रोशन आधी खाली बसला. मग बाकीचे एकेक करून बसले.

धनराज घरी परतला तेव्हा ऊन कौलांवरून उतरलं होतं. आंघोळ करून ओल्या कपड्यांनीच तो आला होता. कमळाबाई ओसरीच्या पायरीवर उभी होती. खांबाला तिनं एवढं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. आत ज्योत्स्ना दिव्याजवळ बसली होती.

धनराज आंगणातच थांबला. सांगायचं काय हे त्यानं वाटभर जुळवलं होतं, आता त्यातलं काहीच आठवेना.

"झालं?" कमळाबाईनं विचारलं.

"झालं, बाई."

"कवटीचा आवाज आयकला?"

"आयकला."

"नारळाचा?"

धनराजनं तिच्याकडं पाहिलं. तिला खरं सांगायचं कबूल केलं होतं.

"नारळ आधीच फुटला होता, बाई. हा लय उशिरानं आला."

कमळाबाईनं खांब सोडला.

"आले म्हनजे," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून चैतापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडायला लागली.